०.८३ जुळणीची आजी

सांगली जिल्ह्यात ०.८३ची जुळणी आजवर एकाच गोष्टीला मिळाली, आणि ती गोष्ट मी तयार केली. मी म्हणजे शाल्मली बिरनाळे, इयत्ता दहावी, तुकडी ब. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे येणार आहे त्यात मी चांगलीच तोंडावर आपटलेली दिसेन. आपटले असले तरी ०.८३ हे ०.८३च. ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

जुळणी म्हणजे काय ते सांगते, पण त्याआधी भडंग.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची शेड आहे, 'बिरनाळे भडंग'. आई चालवते. पप्पा टेम्पोतून माल पोचवत निपाणी-बेळगावकडे फिरत असतात, त्यामुळे या सगळ्या प्रकरणात ते घरी कमीच होते. शेडमध्ये अकरा बायका काम करतात आणि त्यांतल्या एक मालनअक्का. साठी उलटलेली, अंगाने काडी, आणि आवाज असा की त्या इकडे बोलल्या की तिकडे लसूण तळणारी बाई आच कमी करते. आमच्या भडंगाची चव त्यांची. पूर्वी आष्ट्याला त्यांची चुरमुऱ्याची भट्टी होती. यंत्राचे चुरमुरे आले आणि भट्टी विझली. तेव्हा त्या डबाभर भडंग घेऊन आमच्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या, तुझ्याकडं जागा हाय, माझ्या हातात चव हाय. आई नको म्हणाली. पुन्हा आल्या, पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्या खेपेला अक्का काही बोलल्याच नाहीत, डबा उंबऱ्यावर ठेवून चालू लागल्या. आईने उभ्या उभ्या एक घास खाल्ला आणि ती अनवाणी त्यांच्यामागे धावली.

मी तेव्हा जन्मले नव्हते. पण ही हकिकत दोघींच्या तोंडून मी शंभरदा ऐकली आहे, आणि दर वेळी दोघी एकाच ठिकाणी भांडायच्या. आई म्हणायची, मी एकदाच नको म्हटलं. अक्का म्हणायच्या, दोनदा.

आता जुळणी. गोष्ट ऐकताना मेंदूचा फक्त भाषेचा कोपरा जागा होतो असं पूर्वी समजायचे. तसं नसतं. 'तिने लसणाची फोडणी दिली' असं कुणी म्हटलं की आपल्या मेंदूतला वासाचा भाग हलतो. 'ती धावली' म्हटलं की पाय चालवणारा भाग हलतो, पाय जागचे हललेले नसले तरी. आणि त्याहून भारी म्हणजे, एकच गोष्ट ऐकणाऱ्या दहा जणांच्या मेंदूत तीच लाट एकाच वेळी उठते. गोष्ट जितकी पकडणारी, तितक्या या लाटा एकमेकींवर अचूक बसतात. किती बसल्या ते शून्य ते एक या आकड्यात मांडतात, ती जुळणी. नुसते भाव आणि टक्के ऐकवले तर ०.१च्या आसपास. आमचे भूगोलाचे सर ०.०८ भरतील. हा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

यात रसायनंही असतात. गोष्टीत संकट आलं की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं आणि लक्ष ताठ होतं. गोष्टीतलं माणूस आवडलं की ऑक्सिटोसिन, मग त्या माणसाचा माल आपल्या घरचाच वाटायला लागतो. शेवट मनासारखा झाला की डोपामिन, आणि ते असताना कानावर पडलेलं मेंदूत पक्कं बसतं. जाहिरातवाल्यांना हे कधीचंच माहीत आहे, पण ते अंदाजाने करायचे. 'सहस्पंद' नावाच्या कंपनीने अंदाज संपवला. त्यांची एक पट्टी असते, कपाळाला बांधायची. तिच्यातला डोळ्यांना न दिसणारा उजेड हाडातून आत जातो आणि मेंदूच्या कुठल्या भागाच्या रक्तात प्राणवायू वाढला ते बाहेर येऊन सांगतो. ते बघून यंत्र गोष्टीतलं एखादं वाक्य बदलतं, पुन्हा ऐकवतं, पुन्हा बदलतं.

छोट्या उद्योगांसाठी सहस्पंदने स्पर्धा काढली: आपल्या मालाची गोष्ट करा, बारा पट्ट्या आणि यंत्र महिनाभर वापरायला घ्या. जिंकणाऱ्याचा माल राज्यातल्या सगळ्या विमानतळांवर. आईला मी सांगितलं की हे मी करणार. ती हो म्हणाली, कारण गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा इतकी हळू द्यायचे की बाई मला गैरहजर मांडायच्या. मी स्वतःहून काही मागितलं याचंच तिला अप्रूप.

यंत्राच्या पुस्तिकेत सहाव्या पानावर लिहिलं होतं की ऐकणारी माणसं दर वेळी नवी आणि अनोळखी घ्यावीत. मी ते वाचलं होतं. पण सांगलीत अनोळखी माणूस मिळणं अवघड, दोन वाक्यांत कुणाची कोण ते निघतं. आणि आमच्याकडे रोज दुपारी दोन ते चार शेंगदाणे निवडायला बायका गोल करून बसतातच. खवट दाणा अजूनही हातानेच शोधावा लागतो. आणि दाणे निवडताना कुणीतरी काहीतरी सांगत राहायचं ही शेडची जुनी रीत. तोंड चालू असलं की हात चालतात, असं अक्कांचं म्हणणं. एक पिक्चर सांगते, एक जावेचं भांडण सांगते. तिथेच मी पट्ट्या बांधल्या. अकरा बायका आणि बारावी आई.

पहिल्या दिवशी मी खरी हकिकत घातली. डबा, उंबरा, नको, नको, अनवाणी धावणं. ०.३४. यंत्राने सुचवलं: 'भट्टीवाल्या परक्या बाईऐवजी नात्यातली वृद्ध स्त्री घ्यावी.' आजी घातली, ०.५२. यंत्र म्हणालं, संकट लहान आहे. पूर घातला, ०.६६. आजी गच्चीवर अडकलेल्या शेजाऱ्यांना भडंग करून खायला घालते. आजीच्या अंगावर हिरवी साडी घातली तर आणखी तीन शतांश मिळतात, हे मी स्वतः शोधलं, यंत्राने नाही.

सांगलीला खरा पूर आला तेव्हा माझी खरी आजी बेळगावला आत्याकडे होती. भडंगाला ती बाजारू खाणं म्हणायची आणि आईशी तिचं दोन दिवसही पटलं नाही. मी जन्मले त्या वर्षी ती गेली.

मालनअक्कांना मी विचारलं होतं, तुम्हाला काढून आजीला घालते, चालेल ना. त्या दाणे निवडत म्हणाल्या की जाहिरातीत खोटंच असतंय, घाल तुझी आजी. सगळ्या हसल्या. मग रोज नवं रूप, रोज तीच बारा कपाळं. पडद्यावर बारा रेघा असायच्या, बारा जणींच्या. पहिल्या दिवशी त्या विस्कटलेल्या केसांसारख्या होत्या. एकविसाव्या दिवशी आजीने कंदील वर धरला, शेवटची मूठ लहान पोराच्या ओंजळीत टाकली, आणि बारा रेघांची एकच रेघ झाली. ०.८३. मी पडद्यावरून मान वर केली तर आई ओढणीने डोळे टिपत होती आणि अक्का शेंगदाणे विसरून बसल्या होत्या.

मला काही झालं नाही, कारण मी गोष्ट ऐकतच नव्हते. मी रेघा बघत होते.

पुढचे दहा दिवस माझे होते. कोल्हापूरच्या अंतिम फेरीसाठी जिल्ह्यातून आमची निवड झाली. मुख्याध्यापिकांनी प्रार्थनेनंतर मला पुढे बोलावलं आणि मी नऊशे मुलामुलींसमोर मेंदूच्या लाटांवर सात मिनिटं बोलले, कागद न घेता. गॅदरिंगचं निवेदन मला मिळालं. वर्गातल्या मुली डबा खाताना माझ्या बाजूने सरकायला लागल्या. माझा आवाज चांगला आहे हे मला पंधराव्या वर्षी कळलं, काय सांगू.

मग एका स्थानिक वाहिनीची बाई कॅमेरा घेऊन शेडमध्ये आली. माझी मुलाखत झाली, आईची झाली. जाता जाता तिने मालनअक्कांना विचारलं की तुम्ही इथे किती वर्षं. अक्का पदर सारखा करून म्हणाल्या, "मी काय, मी आपली हाताखालची. सगळं ह्येंच्या सासूबाईंचं. त्येंनीच शिकवलं मला, पुराच्या साली."

मला वाटलं, अक्का जाहिरातीला धरून बोलताहेत. हुशार बाई. कॅमेरा गेल्यावर मी त्यांना म्हटलं, भारी अभिनय केलात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. मग त्या कढईकडे गेल्या, मसाला चोळलेल्या चुरमुऱ्यांतली चिमूट आईपुढे धरली आणि विचारलं, "मालकीणबाई, मीठ बरोबर हाय का?"

माझ्या आयुष्यात मालनअक्कांनी आईला कधी मीठ विचारलेलं नाही. आणि त्या आईला सुलभा म्हणतात. रागात असल्या तर सुलभे. मालकीणबाई हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आईने चव घेतली, मान हलवली, जणू हे रोजचंच.

संध्याकाळी मी आईला साधंच विचारलं की अक्का आपल्याकडे पहिल्यांदा आल्या तो दिवस आठवतो का. आई कणीक मळत होती. ती म्हणाली की आठवतो ना, पुरानंतर काम शोधत आल्या बिचाऱ्या. आणि मग न विचारताच आजीचं सांगायला लागली. गच्ची, कंदील, पाण्याचा वास. सांगता सांगता थांबून म्हणाली, "हिरव्या साडीत काय दिसत होत्या गं त्या."

ती साडी मी मंगळवारी नेसवली होती, बुधवारी निळी करून बघितली होती आणि गुरुवारी परत हिरवी केली होती.

मी आईला म्हटलं की ती साडी माझी कल्पना आहे. आईचा हात कणकेत थांबला. माझ्या सासूबाईंची साडी तू ठरवणार का, असं तिने विचारलं, आणि ते चिडून नव्हतं, दुखावून होतं. भिंतीवर आजीचा फोटो होता, वर्षानुवर्षं धूळ खाणारा. त्याला ताजा हार होता. माझ्या ते आत्ता लक्षात आलं.

सहस्पंदच्या प्रशिक्षिका ईशा मॅडम, ज्यांनी मला यंत्र शिकवलं होतं, त्यांना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो सहाव्या पानाचा. मी खरं सांगितलं. मग त्यांनी समजावलं ते असं: आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. आपण ती काढतो तेव्हा ती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि काही तासांनी पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यावर जे उमटेल ते तिच्यासकट सुकतं. माझ्या बायकांना रोज भडंगाची खरी सुरुवात आठवत होती, कारण गोष्ट त्याच विषयावर होती. आठवली की मऊ. मऊ झाली की वर माझी आजी. तीही त्यांच्या स्वतःच्या मेंदूच्या मापाने शिवलेली. एकवीस दिवस. एकदा ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीच होत नाही, पण एकच डोकं पुन्हा पुन्हा वापरलं तर हे होतं, म्हणून ते पान.

मी विचारलं की आता उलटं कसं करायचं. त्या म्हणाल्या की बरेच मालक उलटं करत नाहीत. स्वतःच्या गोष्टीवर मालकाचाच विश्वास असला की विक्री चांगली होते. मग त्यांनी हळूच पुढचं सांगितलं. खोटं आहे असं सांगून उपयोग नाही, फोटो-पुरावे दाखवून तर नाहीच, माणूस उलट घट्ट धरतं. यंत्र पुन्हा लावू नकोस. जे तुझ्या गोष्टीत आलंच नाही, त्याला हात लागलेला नाही. ते शोध. त्यातल्या त्यात हातांची आठवण. ती मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते, वेणी घालणं, सायकल चालवणं जिथे राहतं तिथे, आणि गोष्टी तिथपर्यंत पोचत नाहीत. तिथून त्यांना स्वतःलाच अडखळू दे.

मी तरी आधी फोटो दाखवलेच. पुराच्या महिन्यातला आजीचा बेळगावचा फोटो, आत्याच्या अंगणातला. आई म्हणाली की तारीख चुकली असेल.

दोन दिवस मी शाळेतून आले की शेडमध्ये मालनअक्कांच्या मागे मागे फिरत होते. अंतिम फेरी रविवारी होती. मला एक सोपा मार्ग दिसत होता, आणि तो मी पूर्ण विचार करून बघितला, हे कबूल करते: काहीच न करायचं. अक्का दुःखी नव्हत्या. आईला आयुष्यात पहिल्यांदा चांगली सासू मिळाली होती. ०.८३ माझं होतं. पण अक्का आता कुणावर ओरडत नव्हत्या. लसूण करपला तरी नाही. कढईपाशी पाहुण्यासारख्या उभ्या राहायच्या. ही चव कुणा दुसरीची आहे आणि आपल्याकडून ती बिघडू नये, अशा धाकात. सत्तावीस वर्षं ज्या चवीच्या जोरावर ती बाई ताठ उभी होती, ती मी तिच्या हातून काढून फोटोतल्या बाईला दिली होती.

शुक्रवारी दुपारी चुरमुऱ्यांची नवी पोती आली. अक्कांनी एकाचं तोंड सोडलं, मूठ भरली, मूठ कानापाशी नेली आणि दाबली. चुर्र. मान हलवली, दुसरं पोतं. पुन्हा मूठ, पुन्हा कान. तिसऱ्या पोत्याला कपाळाला आठी घातली आणि ते बाजूला सारलं. हे मी हजारदा बघितलं असेल. माझ्या गोष्टीत ते नव्हतं.

आई शेजारीच मसाला चाळत होती. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "अक्का, हे कानाला लावायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ह्येंच्या सासूबाईंनी," त्या आईकडे मान करून म्हणाल्या. आणि मूठ कानाशी तशीच राहिली. त्यांनी ती पुन्हा दाबली. "न्हाई. ह्ये आबांनी."

"कुठले आबा?"

"माझं आबा, माझं वडील. भट्टीच्या धुरानं डोळं गेलं त्येंचं. चुरमुरा झाला का कच्चा हाय, कानानंच वळखायचं. मला मांडीवर घिऊन बसायचं न् माझी मूठ त्येंच्या मुठीत धरून..." त्या खाली पोत्यावर बसल्या. बोलायला शिकले होते मी वर्षभरात, पण गप्प राहणं त्या दिवशी शिकले.

त्या तुकड्या-तुकड्यांनी बोलत राहिल्या. तापलेली वाळू. वाळूत तडतडणारा तांदूळ. रोज रात्री भट्टी विझवल्यावर आबा हात फिरवून बघायचे त्या गार विटा. आबांनी सांगितलेला मसाला, त्यात स्वतः केलेला फरक. मग डबा. डब्याला झाकण बसत नव्हतं म्हणून वरून बांधलेलं फडकं. तो डबा घेऊन त्या कुठे तरी निघाल्या होत्या. कुठे, ते येईना. त्या डोळे मिटून बसल्या आणि मसाल्याची चाळण हलायची थांबली, कारण आई त्यांच्याकडे बघत होती.

अक्कांनी डोळे उघडले आणि सरळ आईकडे बोट केलं. "सुलभे, तू दोनदा न्हाई म्हणालीस मला."

"एकदाच," आई म्हणाली.

तिच्या तोंडून ते गेलं तसंच, इतक्या वर्षांच्या सवयीने, विचार न करता. आणि मग तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. चाळण खाली ठेवून ती पायांकडे बघायला लागली. मला वाटतं, तिच्या पायांना तो तापलेला रस्ता आठवला असेल. ती अक्कांजवळ जाऊन पोत्यावर बसली. बाकीच्या बायका हात थांबवून बघत होत्या, आणि त्यांच्यातली एक कुणीतरी पुटपुटली की आगं खरंच की, आक्काचंच हाय की ह्ये.

मग मी सगळं सांगितलं. सहावं पान, एकवीस दिवस, हिरवी साडी. अक्का ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभी होते. त्या ओरडल्या नाहीत. "माझा बाप पुसलास व्हय गं," एवढंच म्हणाल्या, आणि तेही इतक्या हळू की एवढ्या लहान आवाजात त्यांना बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळं परत आलं नाही. भट्टी बंद झाली त्या शेवटच्या दिवशी त्यांच्याबरोबर कोण होतं ते त्यांना अजूनही आठवत नाही. तिथं पाणीच दिसतंय, म्हणतात. मी तेव्हा नव्हते, आईही नव्हती, आबा गेले. ती जागा आता कुणी भरू शकत नाही, आणि मी भरणारही नाही. आई त्या दिवशी संध्याकाळी फोटोसमोर बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "मला ती सासू आवडायला लागली होती गं." आणि आम्ही दोघी हसायला लागलो, आणि मग ती हसायची थांबली आणि मी तिला धरून उभी राहिले. हार मात्र तिने काढला नाही.

शनिवारी मी ईशा मॅडमना कळवायला निघाले की आम्ही स्पर्धेतून नाव काढून घेतोय. मालनअक्कांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या की नाव काढायचं न्हाई, मी येणार, पण सांगायचं तू. स्पर्धेच्या नियमांत 'प्रत्यक्ष कथन' असा एक प्रकार होता. यंत्राच्या आवाजाऐवजी माणसाने व्यासपीठावर उभं राहून सांगायचं. तो कुणी निवडत नाही, कारण माणसाचा आवाज कापतो आणि आकडा पडतो.

कोल्हापूरच्या सभागृहात साठ माणसं कपाळाला पट्ट्या बांधून बसली होती. आमच्याआधी एक लोणचं झालं आणि एक सुगंधी साबण. दोन्हींत आजी होती आणि साबणात पाऊसही होता. लोकांनी डोळे पुसले. ०.७९, ०.७६. मग मी उभी राहिले. मी त्यांना आधी माझी ०.८३ची आजी थोडक्यात सांगितली, मग ती आमच्या शेडमध्ये काय करून गेली ते सांगितलं. सहाव्या पानाचं सांगताना पहिल्या रांगेत बसलेल्या ईशा मॅडमनी मान खाली घातली. मग अक्कांची हकिकत. भट्टी, आबा, डबा, उंबरा. माझा आवाज दोनदा कापला. मी 'आई एकदा नको म्हणाली' असं म्हणताच मागून व्यासपीठावरच्या खुर्चीतून आवाज आला की दोनदा, आणि दुसऱ्या खुर्चीतून की एकदा, आणि त्या दोघींचं भर सभेत सुरू झालं. लोक आधी बावचळले, मग हसू लागले. मी माइकपाशी उभी राहून वाट बघितली. दोघींना आवरायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

०.६१. यंत्राने न बदललेल्या, माणसाने सांगितलेल्या गोष्टीचा तो त्या दिवसापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा होता, हे परीक्षकांनीच जाहीर केलं. विमानतळ लोणच्याला गेले. लोणचं चांगलं होतं, मी खाल्लं.

आकडा लागल्यावर आम्ही उतरत होतो, तेवढ्यात परीक्षकांपैकी एक गृहस्थ, मोठ्या मसाल्याच्या कंपनीचे कुणीतरी, भडंगाची पुडी फोडून खात खात पुढे आले. त्यांनी आईला नमस्कार केला आणि विचारलं की लसणामागून जी एक आंबटसर चव येते ती कशाची. आईला ते माहीत आहे. गेली सत्तावीस वर्षं ती तोच मसाला दळून घेते. पण ती एक पाऊल मागे सरली आणि तिने मालनअक्कांकडे हात केला.

अक्कांनी त्या गृहस्थांना खालपासून वरपर्यंत बघितलं. पदर कमरेला खोचला. माइक अजून चालू होता, त्यामुळे त्यांचा आवाज, तो जुना, लसूण तळणाऱ्या बाईला आच कमी करायला लावणारा आवाज, साठच्या साठ कपाळांवरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"सांगायचं न्हाई. माझं हाय त्ये."